न पाहिलेला रंग

"पिवळा म्हणजे कसला पिवळा?" इनास मास्तरांनी विचारलं.

"साधा पिवळा, मास्तर."

"साधा पिवळा लॅटिनात मिळत नाही, बाय. केशराचा हवा तर क्रोचेउस. गंधकाचा असेल तर सुल्फुरेउस. लुतुम म्हणून एक झाड होतं, रोमन लोक त्यात कापड रंगवायचे, त्याचा तो लुतेउस. सोन्याचा आउरेउस. आणि पिकलेल्या शेताचा, गोऱ्या बायकांच्या केसांचा, तो फ्लावुस. आता तुझा कुठला, सांग."

मला घाम फुटला. बोरभाट गावातल्या त्यांच्या ओसरीवर मी मांडी घालून बसले होते आणि मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेला जाड कागद होता. कागदावर एक वाळलेलं रोप दोऱ्याने टाचून बसवलेलं. केना या पावसाळी तणाच्या कुळातलं, वीतभर उंच, आणि त्याच्या टोकाला चुरगळलेलं एक फूल. हळदीचा हात पुसलेल्या फडक्याचा जो रंग असतो ना, तो.

ही गोष्ट त्र्याऐंशी सालची. तेव्हा जगभर असा नियम होता की नव्या वनस्पतीला नाव द्यायचं तर तिचं वर्णन लॅटिनमध्ये छापलं पाहिजे. लॅटिन नाही तर बारसं रद्द. आता सावंतवाडीच्या आसपास लॅटिन येणारा माणूस शोधायचा म्हणजे काय चेष्टा आहे? पण निघाला एक. इनास लोबो मास्तर. तरुणपणी गोव्यात नऊ वर्षं पाद्री व्हायला शिकले, आणि दीक्षेला तीन महिने उरले असताना ट्रंक उचलून घरी आले. का आले, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पुढे शाळेत इंग्रजी शिकवून रिटायर झाले. लग्न नाही. धाकटी बहीण मार्थाबाय, तीही बिनलग्नाची, ती घर बघायची. नऊ वर्षांचं लॅटिन मास्तरांच्या डोक्यात तसंच पडून राहिलं होतं. चाळीस वर्षांत ते मागायला कोणी दारात आलं असेल तर ती मीच पहिली. पहिल्या दिवशी त्यांनी मला पाहुण्यांची म्हणून ठेवलेली खुर्ची आणून दिली होती, त्यात काय ते समजा.

आणि मी? मी साटमबाई. कॉलेजात पाच वर्षं तात्पुरती. एप्रिलमध्ये नारळ द्यायचे, जूनमध्ये परत बोलवायचे. ऑक्टोबरात एकाच कायम जागेची मुलाखत होती. पुण्याचे माझे मार्गदर्शक खांबेटे सर म्हणाले होते, "तुझ्या नावावर एक नवी प्रजाती आणि हातात संपादकांचं स्वीकृतीपत्र असेल, तर तुला नाही म्हणायची कुणाची छाती नाही." आणि जागा मिळाली नाही तर आईने बघून ठेवलेला सिमेंटचा व्यापारी होताच. माणूस वाईट नव्हता, पण मला भेटल्या भेटल्या त्याने विचारलं होतं, "गवताचं शिक्षण घेऊन पुढे काय?" त्या प्रश्नाच्या घरात जन्म काढायचा या कल्पनेनेच माझी झोप उडाली होती.

"तू हे फूल झाडावर पाहिलंस?" मास्तरांनी कागद नाकाला टेकवून बघत विचारलं. त्यांना काचबिंदू होता. डावा डोळा गेलेला, उजव्यात थोडी धुगधुगी.

"नाही अजून. आमच्या बाबलने आणलं."

बाबल गावडे आमच्या प्रयोगशाळेचा शिपाई, बावन्न वर्षांचा. गाळवच्या सड्याखालीच त्याचं घर. सडा म्हणजे आमच्याकडचं उघडं कातळाचं पठार, पावसाळ्यात तेवढं फुलतं. ऑगस्टात मी परीक्षेच्या कामात अडकले होते तेव्हा त्याने हे रोप उपटून आणलं, दाबात घातलं, कागद ओले होते म्हणून सिगडीवर शेकवून वाळवलं. माझ्या वहीत नोंदही केली: 'गाळव सडा. सकाळी आठ. फूल दहाला मिटते.' रंगाच्या रकान्यात काही नाही.

आमच्या धंद्याचा पहिला धडा हाच आहे की दाबण्याआधी रंग लिहायचा, कारण वाळलं की रंग पळतो. मुलांना मी तो घोकून घ्यायचे. मग बाबलला एका शब्दाने का विचारलं नाही? खरं सांगते. केन्याच्या कुळात निळी, जांभळी, पांढरी फुलं ढिगाने. पिवळं विरळा. समोर पिवळं दिसल्यावर माझ्या तोंडाला पाणी सुटलं आणि विचारायची इच्छाच मेली. लेखाचा सगळा डोलारा मी त्या पिवळ्यावर उभा केला होता. 'जवळच्या सर्व प्रजातींपासून पिवळ्या फुलांमुळे वेगळी,' असं पहिल्याच परिच्छेदात ठोकून दिलं होतं.

मास्तरांनी कागद हळूच खाली ठेवला. "पानं लिहितो, देठ लिहितो, बी लिहितो. रंग नाही लिहिणार. न पाहिलेल्या रंगाला मी विशेषण लावत नाही."

"अहो मास्तर, एक शब्द तर आहे!"

"एक शब्द आहे म्हणूनच." मग ते म्हणाले, "रविवारी जाऊ आपण सड्यावर. मलाही ने. डॉक्टर म्हणतो, हा डोळा नाताळपर्यंत. त्याच्या आधी जगात कुणी नाव न दिलेली एक वस्तू मला बघायची आहे. बायबलातल्या आदामाने सगळ्यांना नावं देऊन टाकली म्हणतात. एक राहिली असेल तर बघू तरी दे."

आतून मार्थाबायचा आवाज आला, "पायरे दिसनत नाय ह्येका, आणि सड्यार जाता म्हणे!"

"तू गप ऱ्हव गो," मास्तर म्हणाले, पण हसत होते.

त्या आठवड्यात मी रोज कॉलेज सुटल्यावर त्यांच्याकडे गेले. एसटीने अकरा किलोमीटर. ते मोठमोठ्या अक्षरांत ओळ लिहायचे, मी खाली नीट उतरवून घ्यायचे. एवढ्याशा रोपासाठी त्यांनी मला अख्खं व्याकरण शिकवायला घेतलं. "विशेषणाला स्वतःचं लिंग नसतं, बाय. नाम पुल्लिंगी तर फ्लावुस, स्त्रीलिंगी तर फ्लावा, नपुंसक तर फ्लावुम. तुझ्या रोपाच्या वंशाचं नाव स्त्रीलिंगी, म्हणून रंग पिवळा निघाला तर ती फ्लावा."

"म्हणजे बायकोने नवऱ्याचं आडनाव लावल्यासारखं," मी म्हटलं.

"तसंच. पण पेहराव आपल्या माहेरचा. हे बघ, 'पिवळ्या फुलांची' म्हणायचं तर फ्लोरिबुस फ्लाविस. एकाला बुस, दुसऱ्याला इस. कानाला जुळत नाही, पण जुळलेलं आहे. लिंग, वचन, विभक्ती, तिन्ही एक."

"ह्यो संसार केल्यासारखो सांगता," मार्थाबाय चहा ठेवत म्हणाली. आम्ही तिघंही हसलो. त्या ओसरीवर माझे पाच दिवस फार बरे गेले, हे कबूल केलं पाहिजे. वडील गेल्यापासून मला कुणी इतक्या आवडीने काही शिकवलं नव्हतं.

शुक्रवारी खांबेटे सरांची तार आली. मार्चच्या अंकाची मुदत संपत होती. शनिवारी, फार तर सोमवारी लेख टपालात पडला पाहिजे, नाही तर थेट पुढच्या सप्टेंबरचा अंक. म्हणजे हातात स्वीकृतीपत्र नाही, मुलाखत गेली, जागा गेली, सिमेंट आलं.

शनिवारी सकाळी मी सड्यावर जाऊ शकले असते. पहिली एसटी साडेसहाची होती. मी उठले, खिडकीतून पाऊस बघितला आणि टाइपरायटरवर बसून लेखाची स्वच्छ प्रत काढली. दुपारी बोरभाटला गेले.

"मास्तर, आज सकाळी जाऊन आले," मी म्हटलं.

ते झोपाळ्यावर होते. एकदम सरळ झाले. "पाहिलंस?"

"हो."

"तुझ्या डोळ्यांनी?"

"हो मास्तर. बाबल होता बरोबर."

"कसा आहे? सांग, सांग."

आता तोंड उघडलंच होतं. "पिकल्या भातासारखा," मी म्हटलं. "सगळा सडा भरलाय. वारा आला की हलतो."

"फ्लावुस," ते म्हणाले. डोळे मिटून त्यांनी ते दोनदा उच्चारलं, आणि मग पेन मागून घेतलं. फ्लोरिबुस फ्लाविस. वरच्या ओळीत नाव, फ्लावा. पेनाला टोपण घालताना म्हणाले, "तुझे डोळे ते माझे डोळे. उद्या मग किती वाजता निघायचं?"

"उद्या नको हो. कातळ निसरडा झालाय. पुढच्या रविवारी."

"पुढच्या रविवारी फूल असेल?"

"असेल की!"

"बरं," ते म्हणाले. आदल्या दिवशीच मार्थाबायने त्यांचे कॅनव्हासचे बूट धुऊन ओसरीच्या कठड्यावर वाळत घातले होते. निघताना मी त्या बुटांकडे बघितलं नाही.

मी पोचेपर्यंत पोस्ट बंद झालं होतं. पाकीट पिशवीतच राहिलं.

सोमवारी सकाळी अकराला मी प्रयोगशाळेत होते, तर दारात मास्तर. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेलं, त्याच कॅनव्हासच्या बुटांचा लाल गाळात लगदा झालेला, आणि एका हाताला धरून बाबल उभा.

"बस, बस, उठू नको," मास्तर म्हणाले. बाबलने त्यांना स्टुलावर बसवलं. "काल मी जाऊन आलो, बाय. राहवेना. पहिल्या एसटीने गाळवला उतरलो, ह्या बाबलचं घर विचारलं, आणि ह्याने मला लहान मुलासारखा हात धरून वर नेला. मार्थाने निघताना जे तोंड सोडलंय! रात्री ह्याच्याकडेच राहिलो, आता सरळ इकडे आलो." ते पुढे वाकले. आनंदाने त्यांचा आवाज कापत होता. "मी पोटावर झोपून बघितलं. नाक लावून. निळं आहे ते."

मी हातातली चिमटी टेबलावर ठेवली.

"निळं! आभाळच. चेलुम म्हणजे आभाळ, त्याच्यावरून चेरूलेउस. मुळात चेलुलेउस होतं म्हणतात, दोन 'ल' जिभेला जड झाले म्हणून एकाचा 'र' झाला. हा शब्द मी सेमिनरीत पहिल्या वर्षी पाठ केला होता, पण बघितला काल." त्यांनी खिशातून ओला रुमाल काढला. उलगडून दाखवला. आत फुलं नव्हतीच. ह्या कुळातली फुलं खुडली की विरघळतात. रुमालावर नुसता निळा ओलावा पसरला होता.

मी बाबलकडे पाहिलं. तो ओशाळून म्हणाला, "बाई, केनो निळोच आसता मा? तो काय लिवूचो?"

म्हणून त्याने रकाना कोरा ठेवला होता. गवत हिरवं असतं हे कुणी लिहितं का?

आता मास्तर मला विचारतील, शनिवारी तू काय पाहिलंस? बाबलने त्यांना सांगितलंच असणार की बाई काही आली नव्हती. मी उत्तराची जुळवाजुळव करत होते. पण मास्तरांनी विचारलं नाही. ते म्हणाले, "तू दुसऱ्या बाजूने गेली असशील. तिकडे दुसरं काही फुललं असेल. पावसात होतं असं."

त्यांनी मला निसटायला वाट करून दिली, आणि मी त्या वाटेने निसटले. "हो, तसंच असेल," मी म्हटलं.

"गंमत बघ," ते म्हणाले, "पंडित लोक म्हणतात, आपला हा फ्लावुस आणि इंग्रजांचा ब्लू, दोघं एकाच बीजातून आले. इकडे पिवळा झाला, तिकडे निळा. मला काल कातळावर पडल्या पडल्या ते आठवलं आणि हसू आलं. पण सख्खे भाऊ झाले म्हणून एकाच्या बोहल्यावर दुसऱ्याला उभा करतात काय? बदलून टाक. फ्लावाच्या जागी चेरूलेआ. फ्लाविसच्या जागी चेरूलेइस. दोनच ठिकाणी आहे."

दोनच ठिकाणी नव्हतं. लॅटिनात दोन ठिकाणी होतं. इंग्रजी लेखाचा कणाच पिवळा होता. निळं म्हटल्यावर ते रोप एका जुन्या, ओळखीच्या प्रजातीच्या शेजारी जाऊन बसत होतं. वेगळं होतंच, बियांवरून ते नक्की होतं, पण ते सिद्ध करायला दोन महिने मायक्रोस्कोपवर बसावं लागलं असतं. आणि खांबेटे सरांना सांगावं लागलं असतं की रंग मी न बघता लिहिला. सरांनी लेख त्याच दिवशी कपाटात टाकला असता.

"टपालात टाकलं, मास्तर. शनिवारीच," मी म्हटलं. पाकीट माझ्या खुर्चीच्या पाठीला अडकवलेल्या पिशवीत होतं. मास्तरांच्या गुडघ्यापासून दोन हातांवर.

"मग तार कर. मी मजकूर लिहून आणलाय." त्यांनी चौकोनी घडीचा कागद माझ्या हातात दिला. ती थरथरती, मोठाली अक्षरं. 'रंग निळा. छापणे थांबवा. दुरुस्ती पाठवते.' "करशील ना?"

"आत्ताच करते."

"देव बरें करूं," ते म्हणाले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

बाबल त्यांना स्टँडवर सोडायला गेला. मी दीड तास तिथेच बसले. दोनदा उठून पाकीट बाहेर काढलं. एकदा तर फोडायला ब्लेडही घेतलं. मग ऑफिसचा शिपाई मुलाखतीची यादी घेऊन सही मागायला आला. सात नावं होती, माझं शेवटचं. मी सही केली. तीन वाजता पोस्टात जाऊन पाकीट रजिस्टर केलं. तारेची खिडकी त्याच्या शेजारीच होती.

जागा मला मिळाली. चौतीस वर्षं नोकरी केली, विभागप्रमुख होऊन निवृत्त झाले. लेख मार्चमध्ये छापून आला. आमच्या नियमांत एक गोष्ट फार कडक आहे. एकदा रीतसर छापलेलं नाव नुसतं शोभत नाही म्हणून बदलता येत नाही. काळ्याला गोऱ्या म्हटलं तरी तो कायमचा गोऱ्या. दर सप्टेंबरला मी मुलांना घेऊन गाळवच्या सड्यावर जायचे. सकाळी आठला सगळा कातळ निळा झालेला असायचा, आणि दर वर्षी एखादी हुशार पोरगी विचारायची, "मॅडम, पण फ्लावा म्हणजे पिवळी ना?" मी सांगायचे, "वाळल्यावर पिवळी पडते. जुन्या लोकांनी वाळलेलीवरून नाव ठेवलं." जुने लोक!

पण मला सांगायचंय ते त्या मार्चमधलं.

लेखाच्या शेवटी आभार मानले होते. 'लॅटिन वर्णनाबद्दल श्री. इनास लोबो यांची ऋणी आहे.' मार्थाबायने बाबलकरवी निरोपावर निरोप पाठवले, अंक घेऊन ये म्हणून: छापून इलाहा तर दाखवूक हाड. शेवटी एका रविवारी गेले. ठरवलं होतं, आज सांगून टाकायचं. सगळं. एसटीत वाक्यंसुद्धा जुळवली होती.

मास्तर ओसरीवर बसले होते. मी पायरी चढले तेव्हा त्यांनी मान वळवली, पण माझ्या बाजूला नाही, जरा पलीकडे. नाताळच्या आधीच उजवा डोळाही गेला होता. "आलीस, बाय?" ते म्हणाले. "ये. वाच. आधी लॅटिन वाच."

मार्थाबाय पदराला हात पुसत येऊन उंबऱ्यावर बसली. तिने साडीही बदलली होती.

मी पान उघडलं. नाव होतं ठळक अक्षरांत. खाली त्यांच्या ओळी, त्यांनी माझ्याकडून दहा दहा वेळा म्हणून घेतलेल्या. मी वाचायला लागले. देठ, पानं, पानांवरची लव. मास्तर ओठ हलवत होते. मग ती ओळ आली. कागदावर होतं फ्लोरिबुस फ्लाविस.

"फ्लोरिबुस चेरूलेइस," मी वाचलं.

मी ठरवून नाही केलं. पण केलं. एकदाही न अडखळता, लिंग, वचन, विभक्ती सगळं नीट सांभाळून. त्यांनीच शिकवलेलं मी त्यांच्यावरच चालवलं.

मास्तरांचा चेहरा उजळला. "लेवर जोर नको, रूवर दे. पुन्हा म्हण."

"चेरूलेइस."

"शाबास! आणि नाव?"

"चेरूलेआ," मी म्हटलं.

"वेळेवर पोचली म्हणायची तार," ते म्हणाले. मी "हो" म्हटलं. मार्थाबाय म्हणाली, "माका काय कळाक नाय, पण आयकाक बरा वाटला," आणि डोळे पुसायला लागली. अजूनही सांगता आलं असतं. त्या दोघांच्या आनंदावर पाणी कसं ओतू, असं मी मनाशी म्हटलं, आणि मला तेव्हा ते चांगुलपणाचंच वाटलं. आपण आपल्याला काय काय पटवतो, देवच जाणे.

मी लेखाची छापील पुस्तिका पिशवीत घालायला लागले तर मार्थाबाय उठली. "हाड हय. आल्तारार ठेवतंय."

"एकच प्रत आहे हो माझ्याकडे..."

"अगो, तुका दुसरी मिळात. ह्येंचा नाव छापलेला आसा त्याच्यात." तिने ती माझ्या हातातून घेतली आणि आत जाऊन मारियेच्या तसबिरीपुढे, मेणबत्तीशेजारी ठेवली. मी बघत राहिले. मनात म्हटलं, ह्या घरात आता वाचणारं कोण आहे? राहू दे.

मे महिन्यात कार्ड आलं. अक्षर अनोळखी होतं, सुरेख, तिरपं. मजकूर एवढाच:

'माझ्याबरोबर सेमिनरीत असलेले फादर आलेक्स गोव्याहून चार दिवस राहायला आले होते. त्यांच्याकडून तुझा लेख वाचून घेतला. तेच हे कार्ड लिहीत आहेत. व्याकरण बिनचूक आहे. यापुढे येण्याची तसदी घेऊ नये. इ. लोबो.'

मास्तर त्यानंतर सहा वर्षं जगले. बोरभाट अकरा किलोमीटरवर. तासातासाला एसटी होती. मी गेले नाही. त्यांचं तेवढं एकच म्हणणं मी ऐकलं.